रोज सायकल आणि व्यायाम करूनही वजन का कमी होत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 38, उंची 170 सेंमी, वजन 84 किलो. आठवड्यातले पाच दिवस सकाळी मुलुंडमध्ये 45 मिनिटं सायकल, म्हणजे साधारण 12 किमी. दोन दिवस जिम. चार महिन्यांत खाडा नाही, जेवण घरचं, तरी वजन फक्त सव्वा किलो उतरलं. मग आता सायकल दीड तास करावी, की थायरॉइड तपासून घ्यावं?

सायकल वाढवू नका. तुमच्या व्यायामात खोट नाही. हिशेबात रोज साधारण 190 कॅलरींची गळती आहे, आणि ती शोधणं सायकल दुप्पट करण्यापेक्षा सोपं आहे. हा आकडा कसा काढला ते सांगतो.

45 मिनिटांत 12 किमी म्हणजे ताशी 16 किमी. त्यातही सिग्नल, रिक्षांच्या मागे रेंगाळणं, उतारावर पाय न मारता जाणं हे सगळं आलं. या वेगाला 84 किलोच्या माणसाच्या, नुसतं बसून राहिल्यावर जेवढ्या जळतात त्याच्या वर, सुमारे 315 कॅलरी जळतात. पाच दिवसांच्या 1,575. जिमचे दोन दिवस मिळून फार तर आणखी 300. आठवड्याला झाल्या 1,875 आणि सोळा आठवड्यांत 30,000. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात, म्हणजे बाकी काहीच बदललं नसतं तर सुमारे 3.9 किलो उतरायला हवे होते. सव्वा उतरले. राहिलेल्या पावणेतीन किलोंच्या 21,000 कॅलरी 112 दिवसांत वाटल्या की रोजच्या 190 येतात. एका वडापावात याहून जास्त असतात. एवढी छोटी वाढ पोटाला कळत नाही, म्हणून तुम्ही मनापासून म्हणू शकता की ‘खाणं तर पूर्वीइतकंच आहे’.

हे खोटं बोलणं नव्हे, माणसाचा अंदाजच असा चुकतो. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला होता. डाएट करूनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं आणि खर्च त्यात शास्त्रीय पद्धतीने मोजला. त्यांच्या शरीराचा खर्च व्यवस्थित होता, पण खाणं त्यांनी सरासरी 47 टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल 51 टक्के जास्त. मनगटावरचं घड्याळही भर घालतं. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात घड्याळं तपासली, तेव्हा कॅलरींच्या बाबतीत सगळ्यांत बरं निघालेलंही सरासरी 27 टक्के चुकत होतं. शिवाय बरीच घड्याळं त्या पाऊण तासात तुम्ही नुसते बसला असतात तरी जळाल्या असत्या त्या कॅलरीही बेरजेत धरतात. त्यामुळे स्क्रीनवर 500 दिसलं म्हणून नाश्ता सैल सोडू नका.

आता गळती कुठे असते ते पाहू. माझा पहिला संशय नेहमी तेलावर असतो, कारण तेल ताटात दिसत नाही. पाच लिटरच्या नव्या डब्यावर आज पेनने तारीख लिहा आणि तो संपेल त्या दिवशी पाहा. चार माणसांत तो महिनाभरात संपत असेल, तर माणशी रोज 41 मिली झाले, म्हणजे सुमारे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. तोच डबा दोन महिने पुरवला तर माणशी रोज 170 कॅलरी वाचतात. तुमची गळती जवळजवळ तिथेच बुजते. फोडणीची पळी एकदा पाण्याने भरून खोकल्याच्या औषधाच्या मापात ओता. दिसायला एवढीशी पळी 15 मिली भरली तर त्या 125 कॅलरी. दोन भाज्या, आमटी आणि चटणीवरची फोडणी अशी ती दिवसातून चार-पाच वेळा रिकामी होते. पळी बदलून मापाचा 5 मिलीचा चमचा वापरा. भाजी कढईला लागायला लागली की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. चव फारशी जात नाही, कारण फोडणीची चव मोहरी, हिंग आणि कढीपत्ता नीट तडतडण्यात असते. मात्र यासाठी घरात जे स्वयंपाक करतात त्यांना हिशेब दाखवून बरोबर घ्या. नुसती तक्रार केलीत तर आठ दिवसांत सगळं पूर्ववत होईल.

पोळीचंही तसंच आहे. मोठ्या घडीच्या पोळीला साधारण 40 ग्रॅम कणीक लागते, तिच्या 136 कॅलरी. घडीतलं आणि वरून फिरवलेलं तेल-तूप 5 ग्रॅम धरा, त्याच्या 45. झाल्या 180. त्याच पिठाचा लहान फुलका 28 ग्रॅम कणकेत होतो आणि 95 वर थांबतो. डब्यात तीन आणि रात्री तीन पोळ्या जात असतील, तर नुसता आकार आणि घडी बदलल्याने दिवसाला 500 कॅलरींचा फरक पडतो. भूक राहिली तर एखादा फुलका जास्त घ्या, तरीही तुम्ही फायद्यात असता. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणा आणि दोन आठवडे उंडा, भात आणि चिवडा मोजून घ्या. डोळ्याला सवय झाली की काटा ठेवून दिला तरी चालेल.

ऑफिसमध्ये चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर: 40 ग्रॅम, म्हणजे 160 कॅलरी. बरोबर मूठभर चिवडा किंवा फरसाण, 30 ग्रॅम धरलं तरी आणखी 150. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. दोन चहा करा आणि साखर अर्धी करा, जीभ दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेते. उपवासाचा दिवस तर वेगळाच मोजा. 60 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचा कूट आणि 10 ग्रॅम तूप अशी खिचडीची एक बशी 440 च्या घरात जाते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. त्याऐवजी वरीचे तांदूळ, सोबत ताक किंवा दही आणि काकडी, हे कमी कॅलरीत जास्त वेळ टिकतं.

रविवार वेगळा सांगायला हवा, कारण मुंबईत सायकलवाल्यांचा रविवार नाश्त्याच्या टेबलावर संपतो. मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन येताना माटुंग्याला मसाला डोसा, मेदूवडा, फिल्टर कॉफी. सगळे बरोबर असतात, भूकही खरी असते, आणि हजार कॅलरी अर्ध्या तासात आत जातात. ते बंद करू नका. इडली-सांबार आणि कॉफीवर थांबा, किंवा डोसा घेतला तर दुपारचं जेवण हलकं ठेवा. तासाभराच्या सायकलिंगला स्पोर्ट्स ड्रिंक किंवा एनर्जी बार लागत नाही, साधं पाणी पुरतं. दीड-दोन तासांच्या वर आणि उकाड्यात चालवलीत तर ओआरएस ठीक.

दीड तास सायकल नको का म्हणतो? शरीर वाढलेल्या खर्चाची थोडी वजावट दुसरीकडून करतं. सकाळी दमलात की दिवसभर जिन्याऐवजी लिफ्ट, स्टेशनपर्यंत चालण्याऐवजी शेअर रिक्षा, सुट्टीच्या दुपारी लांबलचक झोप. रोज दोन किलोमीटर कमी चाललात तर सुमारे 90 कॅलरी तिथेच गेल्या. हर्मन पाँट्झर हे मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये टांझानियातल्या हाडझा या शिकारी जमातीचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. दिवसभर पायपीट करूनही, शरीराचा आकार लक्षात घेता, तो पाश्चात्त्य शहरी माणसांइतकाच निघाला. व्यायामाने काहीच जळत नाही असा याचा अर्थ नव्हे, पण मिनिटं दुप्पट केली म्हणून वजन दुप्पट वेगाने उतरेल या भरवशावर राहू नका. आणखी एक गोष्ट. साडेपाचला निघण्यासाठी पाचला उठताय आणि झोपताय साडेबाराला, तर अपुऱ्या झोपेने दिवसभर भूक चाळवत राहते. अशा वेळी पाचाऐवजी चारच दिवस सायकल काढा आणि सात तास झोपा.

त्याच 45 मिनिटांचा उपयोग मात्र वाढवता येतो. आठवड्यात एक दिवस चढ घ्या, तुम्हाला ठाण्याचा येऊरचा डोंगर जवळ आहे. बाकी दिवसांपैकी एकदा दहा मिनिटं आरामात चालवून तीन मिनिटं जोरात (तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये इतकं), दोन मिनिटं हळू, असं पाच वेळा करा. जड गिअरवर गुडघे रेटत बसू नका, हलक्या गिअरवर मिनिटाला 80 ते 90 फेऱ्यांपर्यंत पाय नेण्याची सवय लावा. सीटची उंची तपासा: पायडल सगळ्यांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट खाली असली की गुडघ्याची पुढची बाजू दुखते आणि दोन महिन्यांत सायकल गॅलरीत जाते. रेनकोट घालून घाम काढणं, पोटाला पट्टा बांधणं हे प्रकार करू नका. मुंबईच्या दमटपणात घाम सुकत नाही, शरीर तापतं, आणि काट्यावर कमी झालेला किलो पाण्याचा असतो. तो संध्याकाळपर्यंत परत येतो, आणि यायलाच हवा. रिकाम्या पोटी चालवल्याने दिवसाच्या शेवटी चरबी जास्त घटते असंही नाही. सोयीचं असेल ते करा.

जिममध्ये ट्रेडमिल सोडा, पाय सायकलवर चालतच आहेत. दोन्ही दिवस वजनं उचला: स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, छातीचा एक आणि खांद्याचा एक व्यायाम, प्रत्येकी तीन सेट, आठ ते बारा वेळा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, ते याने टिकतात. त्यासाठी प्रोटीन हवं, तुमच्या बाबतीत रोज 90 ग्रॅमच्या आसपास. आपली गफलत वरणात होते. एका वाटी पातळ वरणात तूरडाळ जेमतेम 20-25 ग्रॅम असते, प्रोटीन 5 ग्रॅम. सकाळी दोन अंडी (12 ग्रॅम), डब्यात 40 ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ (9), संध्याकाळी फरसाणाऐवजी 30 ग्रॅम भाजलेले चणे (6), रात्री दीडशे ग्रॅम मासा किंवा चिकन (28 ते 33). पोळ्या, डाळ आणि दोन वाट्या दही यांचं मिळून उरलेलं बहुतेक भरून निघतं. मासे खात नसाल तर 40 ग्रॅम सोया चंक्समधून 20 ग्रॅम मिळतं. मासा रवा लावून तळू नका, थोड्या तेलात तव्यावर भाजा. कालवणातला नारळही मोजा, 30 ग्रॅम ओल्या खोबऱ्याच्या शंभरेक कॅलरी होतात.

एकूण लक्ष्य: दिवसाला 2,000 कॅलरींच्या आसपास. 1,700 च्या खाली जाऊ नका. त्याने स्नायू जातात आणि पंधरा दिवसांत संयम सुटतो. आठवड्याला 300 ते 450 ग्रॅम उतरणं हा चांगला वेग आहे. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी करा, पण रोजच्या आकड्यावर काही ठरवू नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीशी सरासरी ताडा. आदल्या रात्री पावभाजी झाली असेल तर मिठामुळे किलोभर पाणी धरलेलं असतं. नवा व्यायाम सुरू केला की स्नायूंत साठणारी साखरही सोबत पाणी धरते. पंधरवड्यातून एकदा कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडलेला. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंमी ही मर्यादा आहे. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 29 आहे आणि आपल्याकडे 25 पासून लठ्ठपणा धरतात. तरी 84 चे 80 झाले एवढ्यानेही रक्तदाब आणि साखरेवर चांगला परिणाम दिसू शकतो. जूनमध्ये पावसाने सायकल थांबली की खाणं मात्र सायकलवाल्याचंच चालू राहतं. त्या महिन्यांत रोजच्या 200 कॅलरी कमी करा.

थायरॉइडचं म्हणाल, तर टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेसाठी) एकदा करून घ्या, साध्या रक्ताच्या चाचण्या आहेत. पण थायरॉइड कमी काम करत असला तरी त्यामुळे वाढणारं वजन सहसा थोडं असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी असतं. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, अशी लक्षणं सोबत असतील तर संशय जास्त. जोरात घोरत असाल आणि लोकलमध्ये बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर डॉक्टरांना झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. चालू औषधांची यादीही दाखवा: स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, रक्तदाबाचे काही बीटा ब्लॉकर, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकतं. यातलं काही घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका. पर्यायी गोळी आहे का, एवढं विचारा.