आडवाटेच्या घाटरस्त्यावर निघण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हमरस्त्यावर अवजड गाड्यांच्या कडेने सायकल चालवण्याचा तुला वीट आला आहे आणि यापुढे डोंगरातल्या आतल्या, कमी वर्दळीच्या रस्त्यांवर जायचे तू ठरवले आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. बरोबर काय काय घ्यावे, असे तू विचारले आहेस. ते मी पुढे थोडक्यात सांगेनच, पण सामानापेक्षा मला ज्याची जास्त काळजी वाटते ती गोष्ट आधी लिहितो. रस्त्यावर वाहने नाहीत म्हणजे रस्ता आपल्यासाठी मोकळा आहे, अशी समजूत अशा ठिकाणी फार लवकर होते. ज्या रस्त्यावर मिनिटाला एक गाडी जाते तिथे प्रत्येक जण सावध असतो. पण जिथे अर्ध्या तासात एखादेच वाहन फिरकते तिथे त्या वाहनाच्या चालकानेही समोरून कोणी येणार नाही, असे गृहीत धरलेले असते.

हे मी पडून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अरुंद घाटात मी उतरत होतो. वर चढताना तासाभरात एकही गाडी दिसली नव्हती, त्यामुळे उतरताना मी प्रत्येक वळण आतल्या अंगाने कापत होतो. अशाच एका वळणापलीकडे चाऱ्याने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर रस्त्याची सगळी रुंदी अडवून वर येत होता. मी पुढचा ब्रेक करकचून दाबला, आणि नेमकी तिथेच बारीक खडी पसरलेली होती. चाक सरकले आणि मी कोपरावर घासत गेलो. डोके वर केले तेव्हा ट्रॅक्टरचे पुढचे चाक हातभर अंतरावर थांबलेले होते आणि त्याच्या खाचांत अडकलेला ओला चिखलसुद्धा मला स्पष्ट दिसत होता. चालकाने इंजिन बंद केले, खाली उतरून माझ्या कोपरावर आपल्या बाटलीतले पाणी ओतले आणि जखमेत रुतलेले खडे न बोलता एकेक करून काढले. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. वळणावर मी त्याची जागा वापरत होतो.

तेव्हापासून मी एक हिशोब पाळतो. दोन वाहने शेजारून जाऊ शकतील एवढा रस्ता रुंद असेल, तर जितका रस्ता डोळ्यांना दिसतो तितक्या अंतरात थांबता आले पाहिजे. रस्ता एकाच गाडीपुरता असेल तर त्याच्या निम्म्या अंतरात, कारण उरलेले निम्मे अंतर समोरच्याला थांबायला लागते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, म्हणून ताशी 20 किलोमीटरने निर्धोक असलेले वळण ताशी 40 किलोमीटरने निर्धोक राहत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला खडी आणि माती का साचते, तेही लक्षात ठेव. गाड्या वळण कापताना कडेची माती रस्त्यावर ओढून आणतात, आणि पाऊस झाला की वरच्या बाजूचा ओहोळ आपला गाळ तिथेच टाकतो. म्हणून वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असताना कमी करावा आणि वळणात ब्रेकवरचा हात हलका ठेवावा. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नकोस. ब्रेक रिमवर, म्हणजे चाकाच्या कड्यावर, लागणारे असतील तर रिम तापते आणि आतली हवा तापून ट्यूब फुटू शकते. त्यापेक्षा जोर लावून वेग उतरवावा, ब्रेक सोडून द्यावा आणि पुन्हा तसेच करावे.

कानांविषयीही सांगायला हवे, कारण डोंगरात कान डोळ्यांच्या आधी काम करतात. चढताना खालच्या दोन वळणांवरून येणाऱ्या इंजिनाचा आवाज बराच आधी कळतो आणि कडेला सरकायला वेळ मिळतो. उतरताना मात्र वारा कानात भरतो आणि हे भान जवळजवळ नाहीसे होते. म्हणजे वेग सर्वांत जास्त असतो तेव्हाच आपण अर्धे बहिरे झालेले असतो. इयरफोन या रस्त्यांवर चढतानाही लावू नये, असे माझे ठाम मत आहे. सायकलचा आवाज होत नाही, म्हणून गुराढोरांनाही आपली चाहूल लागत नाही. दुरूनच बोलत यावे, माणसाचा आवाज ती ओळखतात. रस्ता ओलांडणाऱ्या जनावराच्या पुढून न जाता मागून जावे, आणि वासरू व त्याची आई यांच्यामधून तर कधीच जाऊ नये.

आता रस्ता निवडण्याकडे वळतो. मला या छंदातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो, आणि माझ्या अनेक संध्याकाळी नकाशावर वाकून गेल्या आहेत. जिथे खिंडीखालून बोगदा झाला आहे तिथे खिंडीवरून जाणारा जुना रस्ता शोध. सगळी वाहने बोगद्यात गेलेली असतात आणि वरचा रस्ता, डांबर थोडे उखडलेले असले तरी, बहुतेक वेळ रिकामा असतो. नवा रुंद रस्ता दरीतून सरळ गेला असेल तर त्याच्या आजूबाजूला वस्त्यांना धरून जाणारा जुना वळणावळणाचा रस्ता बहुधा शिल्लक असतोच. शेवटच्या गावात संपणारे रस्तेही शांत असतात, कारण पुढे कुठे जायचे नसल्याने तिथे कोणी विनाकारण येत नाही. पण नकाशावर बारीक दिसणारी प्रत्येक रेघ शांत असतेच असे नाही. वाटेत दगडाची खाण किंवा खडी फोडण्याचे यंत्र असेल तर त्याच बारीक रस्त्यावर दिवसभर भरलेले डंपर धावतात. देखाव्याच्या ठिकाणी जाणारा रस्ता आठवडाभर निर्जन असतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचायला शीक. त्या जितक्या जवळजवळ, तितका चढ उभा. सरासरीवर मात्र भिस्त ठेवू नकोस. 5 किलोमीटरमध्ये 300 मीटर चढ म्हणजे 6 टक्के हे खरे, पण मध्ये ओढ्यापर्यंत उतरणारा तुकडा असेल तर राहिलेल्या रस्त्यात कुठेतरी 12 टक्क्यांचा चढ दडलेला असू शकतो, आणि पाय तिथेच धरतात.

हलका गिअर वापरणे कमीपणाचे, असा जो संकोच तुझ्या मनात दिसतो तो काढून टाक. आपण आणि सायकल मिळून 85 किलो वजन धरले आणि 10 टक्क्यांच्या चढावर ताशी फक्त 6 किलोमीटरने गेलो, तर मिनिटाला 10 मीटर उंची चढतो आणि केवळ ते वजन उचलायलाच सुमारे 140 वॅट शक्ती लागते. पुढच्या चक्राला 34 आणि मागच्या चक्राला 34 दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 2.1 मीटर पुढे जाते, म्हणजे या वेगाला मिनिटाला जेमतेम 48 फेरे होतात. इतक्या संथ फेऱ्यांत सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून डोंगरासाठी पुढचे चक्र मागच्यापेक्षा लहान असेल असा सर्वांत हलका गिअर बसवून घे. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत 1910 मध्ये पिरेनीज पर्वतातल्या उंच खिंडी आल्या, पण डिरेलर, म्हणजे चालत्या सायकलवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, वापरण्याची मोकळीक तिथे 1937 मध्ये मिळाली. तोवर जगातले उत्तमोत्तम सायकलपटू गिअर बदलायला खाली उतरून मागचे चाक काढून उलटे बसवत असत. फ्रान्समधले पॉल द व्हिव्ही, ज्यांना सायकलस्वार व्हेलोसिओ या नावाने ओळखतात, ते मात्र शर्यतीसाठी नव्हे तर फिरण्यासाठी सायकल चालवणारे होते आणि अनेक गिअरांचा पुरस्कार त्यांनी आयुष्यभर केला. आपली वाट त्यांची आहे. चढाच्या सुरुवातीलाच, दम लागण्यापूर्वी, हलका गिअर टाक आणि एखादे वाक्य न तुटता बोलता येईल इतक्याच जोराने चाल. उतरून चालावे लागले तर चाल. मी आजही चालतो.

दिवसाचा बेत किलोमीटरवर आखू नकोस, चढाच्या मीटरवर आख. सुरुवातीला तासाला 400 ते 500 मीटर चढाई पुष्कळ झाली, आणि थांबण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. जितके वर जाशील तितकी हवा गार होत जाते, दर 1000 मीटरला साधारण साडेसहा अंश. घामाने भिजलेल्या अंगाने उतारावर सुटलास तर बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत. माथ्यावर थांबून, अंगात गरमी असतानाच विंडचीटर आणि हातमोजे घाल. तिथे घालवलेली पाच मिनिटे मला कधीच वाया गेल्यासारखी वाटली नाहीत. चढताना आपण जमिनीकडे बघत असतो, आपण चढून आलेली दरी खरी तिथूनच दिसते.

सामान असे: दोन ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंप, चेन जोडण्याचे हत्यार, मागेपुढे दिवे, आणि फोनची रेंज गेली तरी चालेल असा कागदावरचा नकाशा. पाणी लागेल त्यापेक्षा एक बाटली जास्त घे. कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरच्या कोणाला तरी लिहून दे, कारण जिथे अर्ध्या तासात एक गाडी येते तिथे मदतही तितक्याच उशिरा येते.

पहिल्या फेरीसाठी गेलेल्याच रस्त्याने परत ये. चढताना वळणे, खडीचे पट्टे आणि फुटलेले डांबर डोळ्यांखालून संथपणे जाते आणि उतरताना ते सगळे ओळखीचे झालेले असते. तू निवडलेला रस्ता नकाशावर पेन्सिलीने आखून, चढाचे आकडे कडेला लिहून, निघण्याआधी मला पाठव. कुठे रेषा फार दाटल्या असतील किंवा खाणीची खूण दिसेल, तिथे मी खूण करून लगेच परत पाठवीन.

तुझा शुभचिंतक