वाचकांचे प्रश्न : खेळाडू डॅलग्लिश आणि मॅनेजर डॅलग्लिश

प्रश्न : मैदान गाजवणारे खेळाडू मार्गदर्शक झाले की बहुधा फिके पडतात, असा अनुभव आहे. स्कॉटलंडचे फुटबॉलपटू केनी डॅलग्लिश मात्र दोन्हीकडे अव्वल ठरले असे वाचले. त्यांच्या बाबतीत वेगळे काय होते?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ज्याला एखादी गोष्ट उपजत येते, त्याला ती दुसऱ्याला कशी शिकवावी हे सहसा सुचत नाही, त्यामुळे आपले निरीक्षण पुष्कळदा खरे ठरते. डॅलग्लिश यांच्याबाबत ते खोटे ठरले, आणि त्याचे कारण माझ्या मते त्यांच्या खेळातच होते. ते फार वेगवान नव्हते आणि उंचपुरेही नव्हते. गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, मागून भिडणाऱ्या बचावपटूला अंगाने अडवून धरायचे आणि तेवढ्या अवधीत आपला कोणता साथीदार कुठे धावतो आहे हे हेरून चेंडू नेमका त्याच्या पुढ्यात टाकायचा, ही त्यांची पद्धत होती. लिव्हरपूल क्लबमधले त्यांचे साथीदार इयन रश यांच्या कितीतरी गोलांची सुरुवात अशा पासने झाली. स्वतः खेळत असतानाही ज्याचे निम्मे लक्ष इतर दहा जणांवर असते, त्याला मॅनेजरचे काम परके वाटत नाही.

शिवाय त्यांना गुरू मोठे लाभले. त्यांचा जन्म ४ मार्च १९५१ रोजी ग्लासगोत झाला. रेंजर्स क्लबच्या आयब्रॉक्स मैदानाच्या परिसरात वाढलेला हा मुलगा साहजिकच रेंजर्सचा चाहता होता. १९६७ मध्ये प्रतिस्पर्धी सेल्टिकचे सहायक मॅनेजर शॉन फॅलन करारासाठी घरी आले, तेव्हा भिंतीवरची रेंजर्सच्या खेळाडूंची चित्रे उतरवायला डॅलग्लिश यांना धावावे लागले, ही आठवण प्रसिद्ध आहे. सेल्टिकमध्ये मॅनेजर जॉक स्टीन यांच्या हाताखाली त्यांनी चार वेळा लीग आणि चार वेळा स्कॉटिश कप जिंकला. ऑगस्ट १९७७ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने ४ लाख ४० हजार पौंड मोजून त्यांना घेतले; ब्रिटिश क्लबांमधल्या व्यवहारातला तो तेव्हाचा विक्रम होता. केव्हिन कीगन हॅम्बर्गला गेल्यामुळे रिकामी झालेली सात क्रमांकाची जर्सी त्यांना मिळाली आणि पहिल्याच हंगामात, मे १९७८ मध्ये, वेम्ब्ली येथे बेल्जियमच्या क्लब ब्रुगविरुद्धच्या युरोपियन कप (युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा) अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्यांनी केला. पुढे १९८१ आणि १९८४ मध्येही लिव्हरपूलने तो कप जिंकला, तेव्हा ते संघात होते. देशासाठी त्यांनी १०२ सामन्यांत ३० गोल केले. लिव्हरपूलमध्ये मॅनेजर बॉब पेस्ली यांचे मितभाषी, कोणताही गाजावाजा न करणारे काम त्यांनी जवळून पाहिले, आणि मला वाटते, पुढे त्यांचीही रीत तीच झाली.

प्रश्न : एकच माणूस खेळाडू आणि मॅनेजर कसा असू शकतो? स्वतःला संघात घ्यायचे की नाही, हे तो कसे ठरवणार?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ब्रिटिश फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे केवळ सराव घेणारा प्रशिक्षक नव्हे. संघ निवडणे, डावपेच आखणे, खेळाडू विकत घेणे आणि विकणे, असा सगळा कारभार त्या काळी त्याच्याकडे असे. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानात लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या युरोपियन कप अंतिम सामन्यापूर्वी लिव्हरपूलचे काही समर्थक प्रतिस्पर्धी प्रेक्षकांवर चालून गेल्याने उडालेल्या चेंगराचेंगरीत ३९ जण मृत्युमुखी पडले. लिव्हरपूलचे मॅनेजर जो फेगन निवृत्त झाले आणि चौतीस वर्षांच्या डॅलग्लिश यांच्या हाती क्लब आला. इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांची दारे बंद झालेली, क्लबचे नाव डागाळलेले, आणि कालपर्यंत ज्यांच्याशेजारी बसून कपडे बदलले त्यांनाच आता संघातून वगळण्याचा अधिकार हाती आलेला, अशी ती अवघड सुरुवात होती. सल्ला द्यायला पेस्ली होते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू होती.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या हंगामानेच दिले. डॅलग्लिश यांनी बराच काळ स्वतःला बाहेर ठेवले. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी एव्हर्टनकडून हार झाल्यावर विजेतेपद हातचे गेल्यासारखे दिसत होते. मात्र उरलेल्या बारा लीग सामन्यांपैकी अकरा लिव्हरपूलने जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. या शेवटच्या टप्प्यात ते पुन्हा मैदानात उतरले होते. ३ मे रोजी चेल्सीच्या मैदानावर साथीदार बेग्लिन यांनी टाकलेला चेंडू त्यांनी छातीवर घेतला आणि जमिनीवर पडू न देता गोलमध्ये मारला. त्या एका गोलवर लीग जिंकली गेली. आठवड्याने एव्हर्टनला ३-१ असे हरवून एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली आणि क्लबच्या इतिहासात प्रथमच दोन्ही विजेतेपदे एका हंगामात मिळाली.

प्रश्न : फेब्रुवारी १९९१ मध्ये लिव्हरपूल लीगमध्ये आघाडीवर असताना त्यांनी अचानक राजीनामा का दिला? याला पळ काढणे म्हणावे का?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. त्या राजीनाम्याची मुळे १५ एप्रिल १९८९ या दिवसात आहेत. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कप उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी बाहेर पडण्याचे एक फाटक उघडले आणि लोक आधीच भरलेल्या, जाळीने बंदिस्त असलेल्या मधल्या कप्प्यांत लोटले गेले. सहा मिनिटांत सामना थांबला. बळींची संख्या पुढे ९७ पर्यंत गेली. शेवटचा बळी त्या दिवशीच्या दुखापतींमुळे तब्बल बत्तीस वर्षांनी, २०२१ मध्ये गेला. डॅलग्लिश यांचा मुलगाही त्या दिवशी प्रेक्षकांत होता. तो सुखरूप आहे हे कळेपर्यंतची मिनिटे त्यांनी बाप म्हणून काढली आणि त्यानंतरचे महिने सगळ्या शहराचा आधार म्हणून काढले.

लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानाचे दरवाजे लोकांसाठी उघडले गेले आणि मैदानाचे गवत फुलांनी झाकले गेले. डॅलग्लिश आणि त्यांच्या पत्नी मरिना मृतांच्या नातलगांना भेटत राहिल्या आणि धीर देत राहिल्या. खेळाडू रुग्णालयांत गेले. अंत्यविधींना तर डॅलग्लिश इतके गेले की एका दिवशी त्यांनी चार अंत्यविधी पाहिले. एका इंग्लिश दैनिकाने लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर खोटे, अत्यंत घृणास्पद आरोप छापले आणि लोक खवळल्यावर, आता हे कसे सावरावे असे डॅलग्लिश यांना विचारले. तेव्हा, आम्ही खोटे बोललो असे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा, असे त्यांनी सांगितले, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. ते आरोप खोटे होते हे २०१२ च्या स्वतंत्र चौकशी मंडळाने स्पष्ट केले, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाल्याचा निर्णय दिला. दुर्घटनेनंतर संघ पहिल्यांदा खेळला तो ग्लासगोत, सेल्टिकच्या मैदानावर, मृतांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी. त्या सामन्यात डॅलग्लिश स्वतः खेळले.

त्याच मे महिन्यात एव्हर्टनला हरवून लिव्हरपूलने एफए कप जिंकला आणि लगेचच आर्सेनलविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी झालेल्या गोलने लीग गमावली. १९९० मध्ये लीग परत मिळवली. बाहेरून पाहणाऱ्याला सारे पूर्ववत झाल्यासारखे दिसत होते. इतरांचे दुःख वाहणाऱ्या माणसाचे दुःख कोण वाहणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. ताणामुळे त्यांच्या अंगावर पुरळ उठत असे. २० फेब्रुवारी १९९१ रोजी एव्हर्टनविरुद्धच्या कप सामन्यात लिव्हरपूलने चार वेळा आघाडी घेतली आणि चारही वेळा गमावली. बचाव भक्कम करण्यासाठी मधल्या फळीतल्या यान मोल्बी यांना मागे आणले पाहिजे हे त्यांना कळत होते. कळत असूनही तो बदल त्यांच्याने झाला नाही. निर्णय घेण्याची आपली शक्तीच संपली आहे, हे त्यांना त्या रात्री उमगले. दोन दिवसांनी त्यांनी पद सोडले. काही महिन्यांची विश्रांती देऊन क्लबने पुन्हा बोलावले असते तर आपण परतलो असतो, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. ते बोलावणे आले नाही, याची मला आजही खंत वाटते.

प्रश्न : ब्लॅकबर्न रोव्हर्सचे १९९५ चे विजेतेपद पैशाने विकत घेतलेले होते, ही टीका योग्य आहे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : पैसा नक्कीच होता. पोलादाच्या व्यवसायात संपत्ती मिळवलेले जॅक वॉकर यांनी आपल्या गावाच्या क्लबसाठी हात सैल सोडला होता. पण ऑक्टोबर १९९१ मध्ये डॅलग्लिश आले तेव्हा हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. १९९२ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या निर्णायक सामन्यांत, लेस्टरला १-० असे हरवून तो वर आला. त्याच वर्षी गोल करण्यात तरबेज ॲलन शिअरर साउदॅम्प्टन सोडून मोठ्या शहराऐवजी या लहान गावात आले, त्यात डॅलग्लिश यांच्या शब्दाचा वाटा मोठा होता. पुढे टिम फ्लॉवर्स, क्रिस सटन असे खेळाडू जोडत १९९४ मध्ये दुसरा क्रमांक आणि १९९५ मध्ये पहिला क्रमांक मिळाला. त्या हंगामात एकट्या शिअरर यांनी लीगमध्ये ३४ गोल केले. पैसा इतर क्लबांकडेही होता. कोणाला घ्यावे याची पारख मात्र पैशाने येत नाही.

अखेरच्या दिवशी, १४ मे १९९५ रोजी, सामना ॲनफिल्डवरच होता. ब्लॅकबर्न २-१ असे हरले, परंतु मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरी पत्करावी लागली आणि एका गुणाने, ८१ वर्षांनंतर, विजेतेपद ब्लॅकबर्नला मिळाले. टॉम वॉटसन, हर्बर्ट चॅपमन आणि ब्रायन क्लफ यांच्यानंतर दोन वेगवेगळ्या क्लबांना इंग्लिश लीग जिंकून देणारे ते चौथे मॅनेजर ठरले.

प्रश्न : त्यानंतरची त्यांची कारकीर्द अपयशीच म्हणायची का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : उतरती म्हणावी. जानेवारी १९९७ मध्ये न्यूकॅसलला येऊन त्यांनी तो हंगाम दुसऱ्या क्रमांकावर संपवला, पण पुढच्या वर्षी संघ घसरला, एफए कपचा अंतिम सामना हरला आणि ऑगस्ट १९९८ मध्ये त्यांना काढण्यात आले. २००० मध्ये सेल्टिकची सूत्रे काही महिने सांभाळताना त्यांनी स्कॉटिश लीग कप जिंकला. जानेवारी २०११ मध्ये लिव्हरपूल बाराव्या स्थानावर असताना ते परतले, संघ सहावा आणला आणि पुढच्या हंगामात लीग कप जिंकून क्लबचा सहा वर्षांचा दुष्काळ संपवला. मात्र लुईस सुआरेझ यांच्यावर वांशिक शेरेबाजीचा ठपका आला असताना त्यांनी आपल्या खेळाडूची बाजू ज्या हट्टाने लावून धरली, ती चूक होती, असे मी स्पष्ट म्हणेन. संघातल्या माणसाच्या पाठीशी उभे राहण्याचा त्यांचा मूळ गुणच तिथे आड आला. लीगमध्ये आठवा क्रमांक आल्यावर मे २०१२ मध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढल्याच वर्षी क्लबने त्यांना संचालक मंडळावर घेतले, २०१७ मध्ये ॲनफिल्डच्या एका स्टँडला त्यांचे नाव दिले, आणि २०१८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.