पॅसिफिका मुलं मित्रांच्या नादाने अभ्यासात मागे पडतात का?

तुमच्या भाचीला दक्षिण ऑकलंडच्या शाळेत घालायचंय आणि ‘तिथली मुलं घोळक्यात रमतात, म्हणून निकाल लागत नाही’ असं कुणीतरी सांगितलं, म्हणून विचारताय. मी तिथल्याच एका हायस्कुलात नऊ वर्षं गणित शिकवतोय. घोळका नसता तर माझी अर्धी पोरं शाळेत टिकलीच नसती.

पॅसिफिका म्हणजे सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स, नियुए अशा बेटांकडची कुटुंबं. मुलं बहुतेक न्यूझीलंडमध्येच जन्मलेली.

पहिल्या वर्षी मी आपला पुणेरी इलाज केला, बडबड्यांना लांब लांब बसवलं. वर्ग शांत झाला, वह्याही कोऱ्या राहिल्या. एक टोंगन मुलगा काही विचारलं की मान खाली घालायचा. मी ठरवून टाकलं, याला काही येत नाही. (मोठ्यांच्या नजरेला नजर न देणं हा त्यांच्याकडे आदर, हे फार उशिरा कळलं.) नाइलाजाने त्याला परत चौघांच्या टेबलावर बसवलं, तर पठ्ठ्या चुलतभावाला वर्गसमीकरण टोंगनमध्ये समजावतोय, बाकावर बोटाने आलेख काढून! माझ्यापेक्षा सोपं करून.

सामोअन भाषेत ‘वा’ असा शब्द आहे. आपल्या दाद देण्याच्या ‘वा’शी संबंध नाही, दोन माणसांमधलं नातं, ते दोघांनी जपायचं. ते जपणं पाहायचं तर पॉलीफेस्टची तालीम पाहा. १९७६ पासून ऑकलंडच्या शाळांचा हा नृत्यमहोत्सव चालतो, सहसा मार्चमध्ये. एक जण आला नाही की रांग मोडते, मग लगेच फोन. तोच फोन पुढे ‘तुझी गणिताची असाइनमेंट दिलीस का?’ म्हणूनही जातो. तिथल्या एनसीईए या शालान्त परीक्षेत वर्षभर शाळेतच असं मूल्यमापन होत असतं, त्यामुळे हा तगादा फार कामाचा.

उलटंही होतं. एकाने शाळा सोडून गोदामात नोकरी धरली की पाठोपाठ दुसरा जातो. एकट्याने पुढे जाणाऱ्याला ‘फिआ पालांगी’, म्हणजे गोरा व्हायला निघालेला, असा टोमणा बसतो. म्हणून मी आता भर वर्गात एकट्याचं कौतुक करत नाही, अख्ख्या टेबलाचं करतो. पण घरभाडं भरायचं म्हणून नोकरी धरणाऱ्या पोराचं खापर मित्रांवर फोडू नका.

भाचीला शिकवणी लावायची घाई नको. पहिल्या महिन्यात मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर डबा खाते, तेवढं विचारत राहा.