मांडवाच्या मागच्या बाजूने : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळा सुरू झाला की या सदरात येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. ढोल, नाटक, मांडव, वर्गणी आणि मग थेट डिसेंबरचं सवाई, म्हणजे सवाई गंधर्वांच्या नावाचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव. पुण्यात आणि पुण्याच्या आसपास राहणाऱ्या वाचकांची यावेळची पत्रं एकत्र घेतेय. सगळ्यांना लिहिता आलं नाही, राहिलेल्यांना पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : ताई, मी मूळचा परभणीचा, दोन वर्षं झाली हिंजवडीत नोकरी करतोय. टीममधले दोघंतिघं दरवर्षी सवाईला जातात आणि मलाही चल म्हणतात. पण मला रागातलं काहीच कळत नाही, शेजारचे माना डोलवणार आणि मी चुकीच्या जागी टाळी वाजवणार असं वाटतं. जाऊ का? की आधी काहीतरी शिकून मग जाऊ? – एक वाचक, वाकड

उत्तर : जा, दादा. शिकून जाऊ म्हणाल तर कधीच जाणं होणार नाही, असे कितीतरी लोक मी बघितलेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत्यासोबत गेले होते, मला फक्त एवढं कळलं की समोरचा माणूस एकच ओळ अर्धा तास गातोय आणि मला कंटाळा येत नाहीये. तेवढं पुरलं.

थोडी पार्श्वभूमी सांगते म्हणजे परकं वाटणार नाही. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, हुबळीजवळच्या कुंदगोळचे, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, संगीत नाटकांमधूनही त्यांनी कामं केली. १९५२ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला भीमसेन जोशींनी हा उत्सव सुरू केला. म्हणजे मुळात ही गुरूची पुण्यतिथी आहे, शिष्यांनी केलेली. भीमसेनजी २०११ मध्ये गेल्यावर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. वर्षानुवर्षं तो रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. पूर्वी रात्र-रात्र चालायचा, लोक स्वेटर, मफलर, थर्मास, पोळीभाजीचे डबे घेऊन यायचे आणि पहाटे भैरव किंवा तोडी ऐकून घरी जायचे. ध्वनिक्षेपकाचे नियम आल्यावर रात्री दहाला थांबायला लागलं, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते तेवढीच. मला अजून त्याची हळहळ वाटते, कारण ललत, तोडी हे पहाटे-सकाळचे राग आता समोर बसून ऐकायला मिळणं फार कमी झालंय. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, आसपास आजारी माणसं असतात, पोरं अभ्यास करत असतात. पण गेलं ते गेलंच ना.

आता तुमच्या कामाचं. दुपारी पोचलात तर मुलतानी, भीमपलास, मधुवंती असं काहीतरी कानावर पडेल, सूर्य कलताना मारवा, पूरिया, श्री, आणि अंधार पडल्यावर यमन वगैरे. एवढं माहीत असलं तरी संध्याकाळ कशी सरकतेय ते गाण्यातून जाणवायला लागतं. गायक आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, घेईल, त्यात तुम्ही हरवाल, हरवू द्या, तिथे मोजायला जाऊ नका. मग द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, सुरू झालं आणि तीनताल असला की तबल्याकडे लक्ष द्या, सोळा मात्रा, म्हणजे सोळा ठोके, असतात, गायक कुठेही फिरून आला तरी गाण्याचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, घेऊन पहिल्या मात्रेवर तबल्याला येऊन मिळतो, त्या जागेला सम म्हणतात. अख्ख्या मांडवाच्या माना तिथे एकदम खाली जातात. पहिल्या दिवशी तुम्हाला ती जागा आधी माना बघून कळेल, दुसऱ्या दिवशी कानाने. खरंच सांगते, हे शिकायला क्लास लागत नाही.

तिकीट भारतीय बैठकीचंच काढा, स्वस्त पडतं, पाय पसरता येतात, आणि शेजारी बसलेले आजी-आजोबा न विचारता दहा गोष्टी सांगतात. एक जाडसर सतरंजी, पाणी, अंगावर घ्यायला शाल. गाणं चालू असताना मोबाईल वर धरून शूटिंग करू नका, मागच्याला फक्त तुमची स्क्रीन दिसते. आणि टाळीचं म्हणाल तर मनापासून आलेली टाळी चुकीची नसते, फार तर शेजारचा वळून बघेल आणि हसेल.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. तिला ढोल पथकात जायचंय, मैत्रिणी जातात म्हणून हट्ट चाललाय. तिचे बाबा नको म्हणतात, अभ्यास, रात्री उशीर आणि हातांचं काय होईल म्हणून. मला स्वतःला लहानपणी फार इच्छा होती पण तेव्हा मुलींना कोण घेत होतं. काय करू? – एक आई, सांगवी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या पिढीतल्या कितीजणी लक्ष्मी रोडच्या कडेला उभ्या राहून मिरवणूक बघायच्या, आणि आज त्याच रस्त्यावर मधोमध पोरी कमरेला ढोल बांधून उभ्या असतात. मला दरवर्षी डोळ्यात पाणी येतं, लपवत नाही.

पण बाबांच्या शंका खोट्या नाहीत, तेव्हा त्यांना बाजूला सारून होकार देऊ नका. पथकाचा सराव गणपतीच्या दोन-अडीच महिने आधी सुरू होतो, बहुतेक नदीपात्राच्या कडेला किंवा एखाद्या मैदानावर, संध्याकाळी. आधी काही दिवस नुसता हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बसवतात, पहिला हात, दुसरा हात असं, मग ढोल. एका हातात टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, आणि दुसऱ्या बाजूला उघड्या हाताची थाप, त्यामुळे सुरुवातीला बोटं सोलवटतात, चिकटपट्टी लावून वाजवतात सगळे. ताशाला ताकद कमी लागते पण मनगट फार तयार लागतं. तिला ढोल झेपला नाही तर ध्वज आहे, झांज आहे, टोल (वाजवायची धातूची तबकडी) आहे, आणि ढोल ताणणं, त्याचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, बदलणं ही मागची कामं आहेत, त्यांच्याशिवाय पथक उभंच राहत नाही. मी तर म्हणेन पहिल्या वर्षी मागच्या कामालाच लावा तिला, पथक कसं चालतं, माणसं कशी आहेत ते कळतं.

सगळ्यात महत्त्वाचे कान. कामाच्या जागेसाठीचा तज्ज्ञांनी घातलेला हिशोब असा आहे की ८५ डेसिबल आवाज आठ तास चालेल, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध आवाज याच्याही वर जातो आणि सराव चालतो दोन-दोन तास. केमिस्टकडे कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, ते रोज घालायचे, पहिल्या दिवसापासून, मैत्रिणी हसल्या तरी. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर दोन दिवस सराव बंद. ही अट तिला आधीच सांगा.

पथक निवडताना तुम्ही दोघंही एकदा सरावाला जाऊन बसा. मुलींना घरी सोडायची काय सोय आहे, प्रथमोपचाराची पेटी आहे का, वादनाच्या दिवशी पाणी आणि खाणं कोण बघतं, परीक्षा असेल तर सुट्टी मिळते का, हे सरळ विचारा. चांगल्या पथकाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. विसर्जन मिरवणूक अलीकडे तीस तासांच्या आसपास चालते, कधी त्याच्याही वर, तेव्हा पहिल्या वर्षी तिला विसर्जनाला पूर्णवेळ पाठवू नका, आगमनाचं किंवा एखादं स्थिरवादन, म्हणजे एका जागी उभं राहून केलेलं वादन, पुरे.

आणि ताई, बऱ्याच पथकांत मोठ्या वयाच्या बायकाही वाजवतात. तुमचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. मी विचारतही नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत चाळीस फ्लॅट. गणपतीत दरवर्षी ऑर्केस्ट्रा बोलावतात, वर्गणीतले बरेच पैसे त्यातच जातात. यावेळी आम्ही काहीजणी मुलांचं नाटक बसवायचं म्हणतोय. परवानग्या वगैरे काय लागतील, सिनेमाची गाणी वापरली तर कुणी केस करेल का? – पिंपळे सौदागर

उत्तर : बसवा, बसवाच. हे काही नवीन खूळ नाही, सार्वजनिक गणेशोत्सवाच्या सुरुवातीच्या काळात, टिळकांच्या वेळेपासून, मेळे निघायचे, पोरंसोरं पदं म्हणायची, छोटे प्रवेश करायची. आणि सदाशिव-नारायण पेठेतली मंडळं अजूनही जिवंत देखावे करतात, कलाकार सगळे गल्लीतलेच, दिवसभर नोकरी करून रात्री तोच दहा मिनिटांचा प्रवेश पुन्हा पुन्हा करणारे. त्याच ओळीत तुमचं नाटक बसतं.

लाऊडस्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागते आणि साधारणपणे रात्री दहाला बंद करायचा, ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट असते पण ते दिवस सरकार जाहीर करतं, तेव्हा चौकीत जाऊन खात्री करून घ्या. राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा कायद्यात आहे, चाळीस फ्लॅटच्या आवारात मुलांच्या नाटकाला तसंही एक बऱ्यापैकी माईक पुरतो. गाण्यांचं म्हणाल तर हौशी मंडळींनी तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तिकीट लावलं, पैसे घेतले की ती सवलत धरून चालू नका. दुसऱ्याचं लिहिलेलं नाटक घेतलंत तर कायदा काही म्हणो, लेखकाला एक फोन करा, नाव लावा आणि जमेल तेवढं मानधन द्या. लेखकांचे पैसे बुडवायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे आणि ती मला अजिबात आवडत नाही.

नाटक मुलांकडूनच लिहून घेतलंत तर सगळ्यात छान. मोठ्यांनी फक्त तालमीची वेळ सांभाळायची आणि पोहे करायचे.

प्रश्न : घरच्या मूर्तीचं विसर्जन बादलीत करतो पण प्लास्टरची मूर्ती विरघळतच नाही. काय घालायचं? – कोथरूड

उत्तर : अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाले वापरतात ती अमोनियाची पावडर, घरातला खायचा सोडा नव्हे. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत काढली, महापालिकेनेही ती पावडर फुकट वाटली. बादली मोठी घ्या, दिवसातून तीन-चारदा ढवळा, उग्र वास येतो म्हणून उघड्यावर ठेवा. दोन-तीन दिवसांत खाली खडूसारखा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, ते खत आहे, भरपूर पाणी मिसळून झाडांना घाला. पण पुढच्या वर्षी शाडूची आणा, साध्या पाण्यात विरघळते, हा सगळा खटाटोपच नको.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजची एकांकिका यंदा पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. तीन महिने रात्री जागलो, मी लिहिली होती. निकाल ऐकून सगळे रडले, आता ग्रुपमध्ये कुणी कुणाशी नीट बोलत नाही. मला वाटतं माझ्या लिखाणामुळेच गेलं. – द्वितीय वर्ष, पुणे

उत्तर : अगं, आधी जेवलीस का नीट? निकालाच्या आठवड्यात कुणी जेवत नाही हे मला माहितीये. मी कॉलेजात तीन वर्षं बॅकस्टेजला होते, विंगेत उभं राहून दुसऱ्याचा निकाल ऐकलाय.

पुरुषोत्तम १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात दरवर्षी एवढी कॉलेजं उतरतात आणि करंडक एकाच्याच हातात जातो. २०२२ मध्ये तर परीक्षकांनी तो कुणालाच दिला नव्हता, केवढी चर्चा झाली होती तेव्हा. मला विचारशील तर त्या पोरांसाठी वाईट वाटलं होतं, पण एक गोष्ट त्यातून कळते, की तिथे तुलना फक्त शेजारच्या कॉलेजशी नसते. आणि तिथे जोर लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांवर असतो, झगमगाटावर नाही, म्हणून लेखिकेला वाटतं की सगळं आपल्यावरच आलं. तसं नसतं. संहिता कच्ची असेल तर ती दिग्दर्शनात दिसते, नटांची घाई झाली तर चांगली संहितासुद्धा कच्ची वाटते, बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं नेमकं काय झालं ते सांगणं अवघड असतं, तुला तर आतून त्याहून अवघड.

परीक्षकांशी बोलायची संधी मिळाली तर एकटी जाऊ नकोस, सगळ्यांना घेऊन जा आणि वही घेऊन जा, उत्तरं द्यायला नाही, लिहून घ्यायला. मग पंधरा दिवस संहितेला हात लावू नकोस. त्यानंतर ग्रुपमधल्या सगळ्यांना बोलाव, भूमिका बदलून नुसतं वाचा, जिने आईचं काम केलं तिने मुलाचं वाचायचं, लाइट्सवाल्याने नायकाचं. कुठे जीभ अडखळते, कुठे सगळे गप्प होतात, तिथे पेन्सिलने खूण कर. मग सुदर्शनसारख्या छोट्या रंगमंचावर एक प्रयोग लावता येतो का विचारा, तिथे पहिली रांग पाच फुटांवर असते, प्रेक्षकाचा श्वास ऐकू येतो. ते नाही जमलं तर तुमच्यापैकी कुणाच्या तरी गावी जत्रा असेलच, तिथे करा. आपल्या कॉलेजसाठी "अरे, आव्वाज कुणाचा" अशी घोषणा ओरडणारं कुणी नसेल, त्यामुळे कुठे खरंच हसू येतं ते नीट कळेल.

न बोलणाऱ्या मित्रांचं म्हणशील तर सेटचं सामान अजून कॉलेजच्या खोलीत पडलं असेल. ते आवरायला सगळ्यांना बोलाव. खिळे काढताना लोक बोलायला लागतात.