२४ तासांच्या लघवीचं सॅम्पल घेताना

भावा, लॅबला नवीन लागलायस म्हणून सांगतो, मेटानेफ्रिन नाहीतर व्हीएमए लिहून आलं की मशीनचं टेन्शन नंतर, आधी पेशंटला नीट बसवून समजव. ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन ही हार्मोन्स शरीरात मोडून जे उरतं, म्हणजे हेच मेटानेफ्रिन आणि व्हीएमए (व्हॅनिलिलमँडेलिक ॲसिड), ते लघवीत मोजायचंय, फिओक्रोमोसायटोमाची, म्हणजे ही हार्मोन्स सोडणाऱ्या ॲड्रेनल ग्रंथीतल्या गाठीची शंका असली की डॉक्टर हेच मागवतात.

सकाळी ७ ला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथनं पुढची सगळी कॅनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी ७ ची पण त्यातच. इथंच निम्मे लोक घोळ घालतात बघ. कॅनमध्ये आधीच हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यामुळं डायरेक्ट त्यात करायची नाही, मगमध्ये घेऊन हळू ओतायची, हे आजोबांना दोनदा सांग, सोबत सून असेल तर तिलापण. एप्रिल-मेमधलं सांगलीचं ऊन माहितेय ना, कॅन फ्रीजमध्येच, घरचे नाक मुरडणारच म्हणा.

व्हीएमए असेल तर दोन-तीन दिवस केळी, कॉफी, चॉकलेट, व्हॅनिला बंद. गोळ्या कुठल्या चालू आहेत ते फॉर्मवर लिही, पॅरासिटामॉलसुद्धा काही मेथडमध्ये गडबड करतं, पण बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायला सांगू नकोस, ते डॉक्टरच ठरवणार.

मी सुरुवातीला ५० एमएल काढून पुण्याला पाठवलं आणि टोटल व्हॉल्यूम लिहायचंच विसरलो, उरलेलं बेसिनमध्ये गेलेलं, आता २४ तासांचा हिशोब कशावर लावणार? मिरजेच्या त्या मावशींना परत कॅन घेऊन घरी पाठवताना तोंड वर करून बघवेना.