इंदूरमध्ये व्यसनमुक्ती केंद्र काढायचे असल्यास सरकारी अनुदान मिळते का?

आपण विचारले आहे की, सहा-सात जणांचा आपला गट रामबागेत संध्याकाळी दोन तास व्यसनाधीन व्यक्तींचे आणि त्यांच्या घरच्यांचे समुपदेशन करतो, आता पंधरा खाटांचे केंद्र सुरू करण्याचा विचार आहे, तर त्यासाठी सरकारकडून पैसे मिळतील का आणि अर्ज कोठे करावा. मी डॉक्टर किंवा समुपदेशक नाही. इंदूरमधील अशाच एका संस्थेचे हिशेब मी अकरा वर्षे लिहिले, त्यामुळे मला या कामाची जी बाजू ठाऊक आहे ती वह्या आणि व्हाउचरांची आहे. त्या बाजूने पाहता अनुदान मिळू शकते. परंतु मंजुरीनंतरही ते हाती येईपर्यंत साधारण वर्षभर केंद्र स्वतःच्या पैशावर चालवण्याची तयारी नसेल तर आपण आजच खाटा मांडू नयेत, असे माझे मत आहे.

पहिली गफलत बहुधा दाराचीच होते. मानसिक आरोग्याचा विषय म्हणून लोक आरोग्य विभागाकडे जातात आणि मुख्य चिकित्सा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात महिनोन्‌महिने खेपा घालतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा आणि त्याखालील जिल्हा कार्यक्रम 1996 चा. पण त्याचा निधी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून राज्याकडे व तेथून जिल्ह्याकडे येतो, आणि मुख्यतः सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ, औषधे व प्रशिक्षण यांवर खर्च होतो. व्यसनमुक्तीसाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची परंपरा केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची आहे. ती योजना 1985-86 पासून वेगवेगळ्या नावांनी चालत आली आणि 2018 पासून अमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्याखाली गेली. निवासी पुनर्वसन केंद्र, वस्तीत जाऊन काम करणारे बिनखाटांचे संपर्क केंद्र, किशोरवयीन मुलांमध्ये त्यांच्याच वयाच्या स्वयंसेवकांकरवी चालणारे काम आणि जिल्हा व्यसनमुक्ती केंद्र असे त्यात प्रकार आहेत. मानसिक आजारातून सावरलेल्यांसाठी निवारा-केंद्र चालवायचे असेल तर मात्र दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाची दीनदयाळ पुनर्वसन योजना पाहावी लागते. एकाच इमारतीत दोन्ही कामे करणार असाल तरी दोन्हींचे प्रस्ताव आणि दोन्हींची खाती वेगळी ठेवावी लागतात.

कागदांबद्दल थोडक्यात सांगतो. मध्य प्रदेशाच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली पंजीयन (आपल्या मराठीतली नोंदणी, येथील सर्व कागदांवर मात्र पंजीयनच लिहिलेले आढळेल), लेखापरीक्षित ताळेबंद, आयकराचे दाखले, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील (स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ) क्रमांक, आणि मग सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ई-अनुदान पोर्टलवर अर्ज. त्यानंतर जिल्हा पातळीवर निरीक्षण होते, राज्याची शिफारस लागते आणि निर्णय दिल्लीत होतो. ज्या जिल्ह्यांत असे एकही केंद्र नाही त्यांना प्राधान्य मिळते, म्हणून इंदूरच्या प्रस्तावाची स्पर्धा अधिक कठीण असते, हेही गृहीत धरावे.

एक कायदेशीर गोष्ट मात्र टाळता येणार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही मानसिक आजारात मोडतात. आज आपण फक्त समुपदेशन करून लोकांना घरी पाठवता, तोवर प्रश्न नाही. पण ज्या दिवशी अशा रुग्णाला उपचारासाठी रात्री ठेवून घ्याल, त्या दिवसापासून आपले केंद्र मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी बंधनकारक होते. नोंदणीविना चालवल्यास पहिल्या वेळी पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे, आणि पुढे तो पाच लाखांपर्यंत जातो.

आता पैशांविषयी. अनुदान हप्त्याने येते आणि पुढचा हप्ता मागच्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असतो. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार ते 12-ए या नमुन्यात द्यावे लागते. त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असली तरी मुदतीपर्यंत थांबणारी संस्था आपलाच हप्ता लांबवते. मी केलेली चूक सांगतो. अनुदानाच्या खात्यावर बँकेने जमा केलेले व्याज मी संस्थेचे किरकोळ उत्पन्न समजून स्वयंपाकघराच्या गॅसकडे वळवले. ते व्याज संस्थेचे नसतेच, ते हिशेबात दाखवून सरकारी तिजोरीत परत भरावे लागते. रक्कम हजाराच्या आतली होती, पण प्रमाणपत्र परत आले, दुरुस्तीत चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत आमच्या रात्रपाळीच्या परिचारिकेने नोकरी सोडली. तिला दोष देता येत नाही. तिचे मानधन योजनेत ठरलेले होते, वेळेवर देणे आमच्या हाती होते आणि आम्ही ते दिले नव्हते. कार्यालयाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण नियम त्यांच्या बाजूने होता.

म्हणून माझा सल्ला असा की, आपण पंधरा खाटांऐवजी आधी बिनखाटांच्या संपर्क केंद्राचा विचार करावा. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही तरी उपचार मिळतात. उरलेल्यांना शोधून रुग्णालयापर्यंत नेणे हेच काम अपुरे आहे, आणि आपला गट ते आजही करतो. शिवाय आपल्या वायव्येला मंदसौर, नीमच आणि रतलाम हे परवान्याने अफू पिकवणारे जिल्हे आहेत, त्यामुळे आपल्याकडे येणारा प्रत्येक जण फक्त दारूचाच असेल असे नाही. ज्याला दाखल करणे आवश्यक आहे त्याच्यासाठी इंदूरमध्येच बाणगंगेचे मानसिक रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री फोन आल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे क्रमांक देता येतात. सुरुवातीच्या खर्चासाठी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे जावे. आरोग्यसेवा त्या निधीच्या मान्य विषयांत आहे, फक्त संस्थेने सीएसआर-1 हा अशा निधीसाठीच्या नोंदणीचा नमुना भरलेला असावा लागतो.

तोपर्यंत एक रजिस्टर आजपासून घाला: तारीख, किती जण आले, किती पुन्हा आले, कोणाला कोठे पाठवले. नावांच्या जागी क्रमांक लिहा, कारण ही माहिती गोपनीय आहे. निरीक्षणाला येणारे अधिकारी खाटा मोजण्याआधी हेच रजिस्टर मागतात, आणि मागच्या तारखांची पाने एका रात्रीत, एकाच पेनाने भरलेली असली तर त्यांना ते लगेच कळते.