काटाघरातला नवा कॉम्प्युटर लागत नाही: फॉरमॅटच्या आधी तो फोन पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. पांढरकवड्याकडे कापसाचं जिनिंग आहे, ऑफिसात तीन कॉम्प्युटर आणि फाटकाजवळच्या काटाघरात, म्हणजे गाड्यांचं वजन होतं तिथं, एक. काटाघरातला जुना उचलून मुनीमजींच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या जागी विंडोज ११ चा नवा आणला. नवा तिथं लावला की मागचा लॅनचा, म्हणजे नेटवर्कच्या वायरचा, दिवा लागतो, विझतो, परत लागतो. कधी दहा मिनिटं चालतो, कधी केबल निघाली म्हणून सांगतो. तोच ऑफिसात आणून लावला तर नेट मस्त चालतं, पण हिशेबाचं फोल्डर उघडत नाही. मेकॅनिक म्हणतो विंडोज बिघडली, फॉरमॅट मारू. आणि जाता जाता शेवटी तुम्ही लिहिलं आहे, 'वायर तीच आहे, जुना सहा वर्षं तिच्यावरच चालला, काटाघरातला इंटरकॉमही त्याच वायरवर आहे.'

फॉरमॅट मारू नका. ऑफिसात नेट चालतं म्हणजे मशीन, नेटवर्क कार्ड, विंडोज सगळं ठीक आहे, हे तुम्हीच तपासून दाखवलंत. आणि तुमच्या अख्ख्या प्रश्नातली कामाची ओळ ती इंटरकॉमची, म्हणजे काटाघरातल्या फोनची आहे.

लॅनच्या वायरमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० एमबीपीएस वेगाच्या जुन्या कार्डाला यातल्या दोनच लागतात, प्लगच्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरच्या, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या जोडणीत केशरी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी नुसत्याच पडून राहतात. फोनवाल्यानं ते पाहिलं आणि काटाघरापर्यंत वेगळी वायर ओढायची कशाला म्हणून निळी जोडी इंटरकॉमला देऊन टाकली. त्यात त्याची काही चूक नव्हती. तेव्हा ते चालत होतं, आणि सहा वर्षं चाललं.

नव्या मशीनचं कार्ड १००० एमबीपीएसचं असतं, त्याला चारही जोड्या लागतात. आता गंमत पाहा. वायर जोडली की दोन्ही टोकं आधी आपसात सौदा करतात. कार्ड म्हणतं मी १००० चा, तुमच्या ऑफिसातला मागच्या वर्षी आणलेला स्विच (सगळ्या लॅन वायरी जिथं एकत्र येतात तो डबा) म्हणतो मीही १००० चा. हा सौदा ठरतो फक्त केशरी-हिरव्यावर, आणि त्या दोन्ही शाबूत आहेत, म्हणून तो बिनबोभाट ठरतो. माल मात्र आठही तारांवरून न्यायचा असतो. गाडी भरायला गेले तर निळी जोडी टेलिफोनकडे गेलेली. सौदा मोडला, दिवा विझला. परत बोली, परत तेच. काही कार्डं चार-पाच वेळा आपटून झाली की स्वतःच १०० वर उतरतात, म्हणून मधूनच तुमची दहा मिनिटं चालतात. जुन्या मशीननं १००० ची बोली कधी लावलीच नाही, त्यामुळे त्याला ही अडचण आली नाही. जुना चालतो म्हणून वायर चांगली हे म्हणणं इथंच फसतं. तिचे दोन पाय चांगले आहेत, एवढंच त्यातून कळतं.

हे मी फार शहाणा आहे म्हणून सांगत नाही. वणीकडच्या एका दालमिलमध्ये याच लक्षणावर मी दोनदा फॉरमॅट मारलं, वरून नवं कार्ड आणून बसवलं. तिसऱ्या दिवशी चहा द्यायला आलेला पोरगा म्हणाला, काका, त्या वायरले गोदामात खारीनं कुरतडलं आहे, मी तवाच पाह्यलं होतं. काहून सांगितलं नाही, तर म्हणे तुम्ही इचारलंच नाही. तपकिरी जोडी तुटली होती. तेव्हापासून मी विंडोजला हात लावायच्या आधी वायर डोळ्यांनी पाहतो, जमिनीपासून छतापर्यंत.

तुम्हीही तेच करा. काटाघरातला प्लग उजेडात धरा. तो पारदर्शक असतो, रंग दिसतात. खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवून, वायर आपल्याकडे धरली तर डावीकडून क्रम असा हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मधल्या दोन जागा रिकाम्या दिसल्या, की झालं निदान. ऑफिसकडचं टोकही पाहा, कधी कधी तिकडूनच तोडलेली असते. मात्र फोनची निळी जोडी आता प्लगमध्ये कोंबू नका. घंटी वाजताना तिच्यावर चांगल्यापैकी व्होल्टेज असतं, नवं कार्ड जायचं. आधी फोन तिथून कायमचा काढा.

उद्या सकाळी गाड्या लागायच्या आत चालू करायचं असेल तर एक सोपा उपाय आहे. सीतादही (कापूस वेचणीची पूजा) होऊन वेचणी लागली की काटा बंद ठेवून चालत नाही, हे मला माहीत आहे. जुना पाच पोर्टचा १०/१०० चा स्विच कुणाच्या तरी कपाटात धूळ खात पडलेला असतोच. तो काटाघरात ठेवा, लांबची वायर त्याला लावा आणि त्यातून एक छोटी वायर नव्या मशीनला द्या. हा स्विच १००० ची बोली लावू शकत नाही, त्यामुळे सौदा १०० वरच ठरेल आणि टिकेल. काट्याच्या पावत्यांना १०० एमबीपीएस म्हणजे उसाच्या मळ्यात एक बकरी.

कुणी सांगेल की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर स्पीड अँड डुप्लेक्स १०० फुल करा. काम होतं, पण एक खोट आहे. एका बाजूनं हातानं पक्कं केलं आणि दुसरी बाजू आपोआपवर राहिली, तर ती बाजू हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेनं बोलणं, धरून बसू शकते. मग जोडणी तुटत नाही, पण मोठी फाइल पाठवली की रांगते, आणि ते शोधायला आठवडा जातो. छोटा स्विच बरा.

आता कायमचं. फाटक ते ऑफिस तुम्ही ऐंशी मीटर म्हणता. तांब्याच्या लॅन वायरची मर्यादा १०० मीटर, तीही भिंतीवरून चढउतार आणि दोन्हीकडची वळणं धरून. टेपनं मोजाल तर काठावर असाल. आणि तुमची वायर उघड्यावर आहे. घरातल्या वापराची राखाडी पीव्हीसीची वायर आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात दोन-तीन वर्षांत तडकते, मग मृगात पाणी आत शिरतं. स्वस्त वायर आतून ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडनं तार खरवडून पाहा, पांढरी निघाली तर तीच.

म्हणून माझं स्पष्ट मत: तिथं नवी तांब्याची वायर ओढूच नका, फायबर टाका. घरोघरी नेट देणारे ओढतात तसलीच काळी बारीक फायबर, पण आत लोखंडी तार नसलेली, आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर लॅनला जोडणारे छोटे डबे. अंतराचा प्रश्न मिटतो. त्याहून मोठं म्हणजे फायबरमधून वीज जात नाही. काटा हा जमिनीत गाडलेला लोखंडाचा केवढा तरी सांगाडा, त्याची अर्थिंग वेगळी, ऑफिसची वेगळी. जवळपास वीज पडली की त्या दोन अर्थिंगमधला फरक तांब्याच्या वायरीतून धावत येतो आणि काट्याबरोबर स्विच, राउटर, समोर येईल ते जाळतो. रोहिणीच्या वादळात एका रात्रीत तीन मशीनं गेलेली मी पाहिली आहेत. तोडून-जोडून घ्यायला फायबरवाला पोरगा लागेल, पण तालुक्याला आता ते मिळतात.

दुसरी गाठ लहान आहे. आधी नव्या मशीनवर १६९.२५४ नं सुरू होणारा नंबर (नेटवर्कवरचा पत्ता, आयपी) दिसत होता, मग मेकॅनिकनं १९२.१६८.१.५० हातानं टाकला, असं तुम्ही लिहिलं आहे. १६९.२५४ म्हणजे राउटरकडून नंबर मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजनं स्वतःच काहीतरी लावून घेतलं. वायरच टिकत नव्हती तर उत्तर येणार कुठून? आणि ५० हा काटाघरातल्या जुन्या मशीनचाच नंबर होता ना? ते मशीन मुनीमजींच्या टेबलावर तोच नंबर घेऊन बसलं आहे. एका घराच्या पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. दोन्ही चालू झाली की कुणाचं तरी बंद पडणार, आणि दोष वायरला मिळणार. नव्याचा नंबर ऑटोमॅटिकवर परत टाका. हातानं द्यायचाच असेल तर राउटर ज्या टप्प्यातून नंबर वाटतो त्याच्या बाहेरचा द्या आणि भिंतीवर लिहून ठेवा.

तिसरी गाठ फोल्डरची. तुमचा डेटा विंडोज ७ च्या मशीनवर आहे आणि नवं मशीन म्हणतं की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार पाहुण्याला प्रवेश नाही. आमची कुठली संस्था, असं तुम्ही विचारलंत. कुठलीच नाही, ते वाक्य सगळ्यांना तसंच येतं. त्या विंडोज ७ च्या मशीनवर तुम्ही पासवर्ड बंद करून फोल्डर सगळ्यांना मोकळं केलं आहे, म्हणजे येणारा प्रत्येक जण पाहुणा. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोमध्ये अशी पाहुणेगिरी मुळातच बंद आहे. म्हणून ऑफिसात आणूनही ते उघडलं नाही. वायरचा याच्याशी संबंध नाही.

उपाय: विंडोज ७ च्या मशीनवर काटा नावाचा वेगळा यूजर करा आणि त्याला पासवर्ड द्या. रिकामा पासवर्ड चालत नाही, तसल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग फोल्डरवर त्या यूजरला दोन ठिकाणी परवानगी द्या, शेअरिंगच्या पानावर आणि सिक्युरिटीच्या पानावर. दुसरं पान लोक हमखास विसरतात. नव्या मशीनवर फोल्डर उघडताना नाव-पासवर्ड विचारेल तेव्हा विंडोज ७ च्या मशीनचं नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग काटा असं लिहा आणि लक्षात ठेवाच्या चौकटीत खूण करा. नवं मशीन सुरू करायचा चार आकडी पिन इथं चालणार नाही, तो त्या मशीनपुरता.

रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंग) बदलून पाहुण्यांना परत आत घ्या किंवा एसएमबी १, म्हणजे फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत, चालू करा असंही कुणी सुचवेल. विंडोज ७ ला एसएमबी २ येतं, १ ची गरजच नाही. त्या जुन्या दारानंच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर शिरला होता. आणि विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, तेव्हा हिशेबाची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर घेत चला. हंगामात तर दोनदा.

एक विचारायचं राहिलं. काटाघरातल्या जुन्या मशीनच्या मागे ९ पिनांचं पोर्ट होतं आणि काट्याच्या डिस्प्लेची वायर त्यातच जात असणार. नव्याला ते पोर्ट आहे का? नसेल तर यूएसबीचा कन्व्हर्टर लागेल. तो लावला की पोर्टचा नंबर बदलतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनाच कॉम १ राहिला तर वजन शून्यच दिसतं. कन्व्हर्टर एकदा ज्या भोकात लावाल तिथंच ठेवा, दुसऱ्यात घातला की नंबर परत बदलू शकतो. प्लगचा फोटो टाका, रंग पाहून सांगतो.